धुराची संगत

वाचकहो, सिगारेट ओढणारा एखादा स्नेही असेल तर त्याला कधी सहज विचारून पाहा, की पहिली सिगारेट कशी लागली. तो प्रामाणिक असेल तर सांगेल की घसा जळाला, डोळ्यांत पाणी आले आणि खोकून खोकून जीव नकोसा झाला. मग दुसरी कशासाठी ओढलीत, असे विचारताच तो क्षणभर थांबेल, किंचित हसेल आणि बहुधा कोणा मित्राचे नाव घेईल.

माझे उत्तरही याहून निराळे नाही. १९८७ साली, कॉलेजात असताना, सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी चौघा मित्रांत एक सिगारेट फिरत होती. तिची चव मला मुळीच रुचली नाही. पण हातातून हातात जाणारी ती वस्तू माझ्यापाशी न थांबता पुढे गेली असती, तर ते मला सोसले नसते. चवीसाठी नव्हे, तर संगतीसाठी मी धूर घेतला. पुढे ३१ वर्षे तो सुटला नाही, आणि सुटला तोही संगतीनेच. ती हकीकत सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

१९९४ साली नोकरीच्या निमित्ताने मी दिल्लीस आलो. हिंदी येत होती ती चित्रपटांतली, आणि थंडी ठाऊक होती ती सोलापूरची, म्हणजे नसल्यासारखीच. कचेरीबाहेर जांभळाच्या झाडाखाली एक चहावाला बसत असे. पहिल्या आठवड्यात तेथे एकटाच उभा असताना एक उंच, धिप्पाड गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "भाईसाहब, माचिस होगी?" परक्या शहरात माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोललेले ते पहिले वाक्य. काडी पेटली आणि ओळख झाली. हे गृहस्थ हरियाणातील सोनीपत जिल्ह्याचे. आम्ही सारे त्यांना चौधरीसाहेब म्हणत असू. पुढची चोवीस वर्षे रोज तीन वेळा त्या झाडाखाली आमची बैठक भरली.

चौधरीसाहेबांच्या गावी मी एकदा लग्नाला गेलो होतो. तेथील चौपाल म्हणजे आपल्याकडची चावडीच. मध्ये भलाथोरला हुक्का, सभोवती खाटांवर बसलेली वडीलधारी मंडळी आणि एकाकडून दुसऱ्याकडे वळणारी ती लांब नळी. पाहुणा म्हणून माझ्याकडेही ती आली. गावाने एखाद्यावर बहिष्कार टाकला की तिकडे म्हणतात, त्याचे 'हुक्का-पानी बंद' झाले. वाळीत टाकणे या आपल्या शब्दाचाच हा अवतार. पण त्यात हुक्क्याचे नाव पाण्याच्याही आधी येते, ही गोष्ट मला तेव्हा गमतीची वाटली. पुढे तिचा अर्थ अनुभवाने कळला. आपल्याकडे तरी काय निराळे आहे? एस.टी.च्या थांब्यावर दोन अनोळखी माणसे भेटतात, एकाच्या चंचीतली तंबाखू आणि दुसऱ्याच्या डबीतला चुना एकत्र येतो, आणि गाडी येईपर्यंत दोघांची मुलेबाळे, शेतीवाडी बोलून होते. तंबाखू घातक आहे हे सांगताना आपण विसरतो की ती माणसाला माणसापाशी बसवते. सोडणाऱ्याची खरी अडचण बहुतेक वेळा येथेच असते.

गंमत अशी, की उत्तरेच्या दरबारात तंबाखू गेली तीही आमच्याच बाजूने. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरहून परतताना तंबाखू आणि नक्षीदार हुक्का घेऊन आला. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने मात्र ही वस्तू अनोळखी म्हणून विरोध केला. बादशहाला तिचे वेड लागले नाही, पण दरबारातील सरदारांना लागले, व्यापाऱ्यांनी ती विकायला आणली, आणि १६१७ मध्ये जहांगिराने मनाईचा हुकूम काढला तोपर्यंत फार उशीर झाला होता. विजापूर सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. त्या वाटेने मीही दिल्लीत सिगारेट घेऊनच आलो होतो.

सोडण्याचे प्रयत्न मी केले नाहीत असे नाही. तीनदा केले. तिन्ही वेळा निश्चय मनातल्या मनात केला आणि कोणाला कळू दिला नाही. त्याला कारण होते. सांगितले आणि मोडले, तर हसे होईल! जांभळाखाली जाणे टाळावे, तर मित्र विचारणार. जावे, तर धूर नाकात शिरणार. एकदा नऊ दिवस, एकदा तीन आठवडे आणि एकदा तर अवघी अडीच दिवस मी तग धरला. प्रत्येक वेळी निश्चय मोडला तो रागाच्या किंवा काळजीच्या क्षणी नव्हे, तर एकटेपणाच्या क्षणी. खाली सगळे हसत उभे आहेत आणि वर खिडकीत मी पाण्याचा पेला घेऊन बसलो आहे, हे दृश्य मला साहवत नसे. माझे हुक्का-पाणी मीच बंद करून घेतले होते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीवर धुरक्याचे असे दाट आवरण पसरले, की सरकारला काही दिवस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिला खोकला होता. "बाहेर पाऊल टाकायचे नाही, हवा विषारी आहे," असे मी तिला दरडावून सांगितले आणि नेहमीच्या सवयीने गच्चीत जाऊन सिगारेट पेटवली. ती काही बोलली नाही. उठून आली आणि गच्चीचे दार तिने आतून लावून घेतले. खिटी मात्र लावली नाही. दार ढकलून मला केव्हाही आत जाता आले असते. पण ती सिगारेट संपेपर्यंत आणि संपल्यावरही बराच वेळ मी त्या धुरक्यात तसाच उभा राहिलो. बाहेरचा धूर कोणता आणि माझा कोणता, हे मला सांगता आले नसते.

तरीही सोडायला आणखी जवळजवळ एक वर्ष गेले. वाचकांना हे विचित्र वाटेल. ज्यांना व्यसन आहे त्यांना वाटणार नाही. सप्टेंबर २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटांवर सचित्र इशाऱ्याबरोबर एक दूरध्वनी क्रमांक छापला जाऊ लागला : १८००-११-२३५६. दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा हा विनामूल्य क्रमांक. पाकिटातली शेवटची सिगारेट ओढत मी जिन्यात उभ्याउभ्या तो फिरवला. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. दिवसाला किती, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने, कोणत्या प्रसंगी हात खिशाकडे जातो, एवढेच शांतपणे विचारले. मग म्हणाल्या, एक तारीख ठरवा, आणि ती कोणाला तरी सांगा.

तारीख सुचायला वेळ लागला नाही : २ ऑक्टोबर. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की लहानपणी त्यांना विड्या ओढण्याचा नाद लागला होता आणि त्यासाठी नोकराच्या खिशातले पैसे चोरण्यापर्यंत मजल गेली होती. शिवाय देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करणारे नियमही २००८ साली याच दिवशी अमलात आले. प्रश्न 'कोणाला तरी सांगा' हाच होता. घरी सांगण्याचे धैर्य नव्हते. तेथे माझी पत आधीच संपली होती. अखेर जांभळाखालीच चौधरीसाहेबांना सांगितले. हसतील या अपेक्षेने मी मान खाली घातली होती. त्यांनी हातातल्या सिगारेटकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "अकेले छोड़ोगे? मुझे यहाँ अकेला खड़ा करके?" मग थोडे थांबून, "चलो, साथ में देखते हैं."

चोवीस वर्षे तेही माझ्यासारखेच गुपचूप प्रयत्न करीत होते, हे मला त्या दिवशी कळले.

अशा रीतीने दोघांचे पाच झालो. आम्ही रामकृष्णपुरमच्या सरकारी वसाहतीत राहत होतो. शेजारचे बंगाली दादा सामील झाले. निवृत्त शिक्षक असलेले एक गढवाली मास्टरजी आले. ते चाळीस वर्षे विडी ओढत होते. पाचवा आमच्याच फाटकावरचा रात्रीचा पहारेकरी, बुंदेलखंडातला तरुण. काही दिवसांनी दादांचा भाचा, नोएडातील एका कंपनीत काम करणारा मुलगा, सहावा म्हणून आला. रोज संध्याकाळी साडेसहाला वसाहतीच्या बागेत जमायचे आणि वीस मिनिटे चालायचे, एवढाच आमचा कार्यक्रम. संस्था नाही, नाव नाही, वर्गणी नाही. नियम तीन होते. तलफ आली की कोणालाही दूरध्वनी करावा, आणि ज्याला येईल त्याने पाच मिनिटे वाटेल त्या विषयावर बोलावे, फक्त सिगारेटवर नाही. दुसरा, ओढलीच तर दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर सांगावे. तिसरा, सांगणाऱ्याला कोणीही टोचून बोलू नये.

पाच मिनिटांचा नियम आम्ही सहज केला होता; त्यामागे शास्त्र आहे हे नंतर समजले. धूर आत गेला की काही सेकंदांतच निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते, आणि रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मे होते. ते उतरू लागले की शरीर पुन्हा मागणी करते. पण ही मागणी लाटेसारखी असते. चढते, टोकाला जाते आणि काही मिनिटांत ओसरते. लाट ओसरेपर्यंत हात रिकामा ठेवायचा नाही, इतकेच माणसाने करायचे असते. पहिला आठवडा सर्वांत कठीण. चिडचिड, झोपमोड, डोके जड होणे हे त्याचे सोबती. तीन-चार आठवड्यांत त्यांचा जोर बहुधा उतरतो. आमच्या खिशांत त्या दिवसांत बडीशेप, वेलदोडे आणि भाजलेले फुटाणे असत. रात्री दोन वाजता पहारेकऱ्याचा दूरध्वनी येई आणि तो मला त्याच्या गावच्या विहिरीला यंदा पाणी किती लागले ते सांगत असे. ज्या माणसाला मी सहा वर्षे केवळ 'फाटक उघड' म्हणत आलो होतो, त्याच्या घरी किती माणसे आहेत हे मला तेव्हा प्रथम कळले. काडेपेटीने मला मित्र दिले हे खरे. पण साहेब आणि पहारेकरी यांना तिने कधी एका बाकावर बसवले नव्हते.

ऑक्टोबर सरता सरता दिल्लीचे आकाश पुन्हा करडे झाले. दादांच्या भाच्याने एक दिवस वाद काढला. अमेरिकेतील बर्कली अर्थ या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक ढोबळ हिशेब मांडला आहे : दर घनमीटर हवेत २२ मायक्रोग्रॅम अतिसूक्ष्म कण असले, तर दिवसभर ती हवा घेणे हे एका सिगारेटसारखे आहे. "म्हणजे हे प्रमाण ४०० वर गेले, की या शहरातले तान्हे मूलही १८ सिगारेटी ओढते. मग आपण आपली एक सोडून काय साधणार?" कोणालाच उत्तर सुचेना. खरे सांगायचे तर असा युक्तिवाद मिळाला याचा मला आतून आनंदच झाला होता. मास्टरजी मात्र चालता चालता शांतपणे म्हणाले, "बेटा, छपराला भोक पडले आहे म्हणून कोणी घरात बादलीने पाणी ओतत नाही." ते बरोबरच होते. दोन्ही विषांची बेरीज होते, वजाबाकी नव्हे. आणि आपण सोडलेला धूर आपल्याच घरातल्या माणसांच्या वाट्याला येतो, ही गोष्ट त्या हिशेबात कोठेच मांडलेली नव्हती. मला गच्चीचे दार आठवले.

आता जे सांगायचे ते सांगायला मला आजही जड जाते. ७१ व्या दिवशी सोलापूरहून धाकटे काका गेल्याची बातमी आली. मी गेलो. दिवसकार्य आटोपल्यावर जुने मित्र भेटायला आले, रात्री तलावाच्या काठी बसलो, आणि १९८७ साली जी वस्तू हातातून हातात फिरत होती ती पुन्हा फिरली. मी ती पुढे सरकवली नाही. त्या रात्री दोन आणि परतीच्या गाडीत दारापाशी एक.

दिल्लीस आल्यावर मी बागेत गेलो नाही. कचेरीत काम आहे असे कळवले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी रात्री मी फाटकातून आत शिरत असताना पहारेकरी खुर्चीवरून उठला. "साहेब, गेल्या आठवड्यात थंडी फार होती. मी एक विडी ओढली," तो आपल्या हिंदीत म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सर्वांना सांगितले. तुम्ही नव्हता." मी काहीतरी पुटपुटलो. तो पुढे म्हणाला, "मास्टरजींसमोर सांगताना मला फार लाज वाटली. पण मी विचार केला, साहेबांनी नियम केला आहे, तेही सांगतील." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला काही ठाऊकही नव्हते; कदाचित असेलही. वर जाऊन मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी बागेत उभा राहिलो आणि तीन सिगारेटींचा जबाब दिला. पन्नास वर्षांच्या माणसाचा आवाज शाळकरी पोरासारखा कापत होता. कोणी काही बोलले नाही. नियमच होता तसा. दादांनी फुटाण्यांची पुडी पुढे केली आणि चौधरीसाहेब म्हणाले, "चलें?" आम्ही चालू लागलो. त्या संध्याकाळपासून आजतागायत मी धूर घेतलेला नाही. पूर्वीच्या तिन्ही वेळी पहिल्याच सिगारेटीने सारा निश्चय बुडवला होता. कारण ती लपवावी लागली आणि लपवण्यासाठी पुन्हा एकटे व्हावे लागले. या वेळी ती सांगता आली, एवढाच काय तो फरक.

पुढे या विषयावर वाचन करू लागलो तेव्हा कळले, की आमचा अनुभव काही अपूर्व नाही. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम येथील १२,०६७ माणसांच्या १९७१ ते २००३ या काळातल्या नोंदी निकोलस क्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर या दोघा संशोधकांनी तपासल्या आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसे सिगारेट एकेकटी सोडत नाहीत, एकमेकांशी जोडलेले घोळकेच्या घोळके ती सोडतात, असे त्यांना दिसले. पती किंवा पत्नीने सोडली तर जोडीदाराने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. ज्याने सोडले तोच दुसऱ्याला सोडवू शकतो, या श्रद्धेवर १९३५ साली अमेरिकेतच मद्यपींची अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्येही व्यसनातून बाहेर आलेली माणसेच नव्याने येणाऱ्यांचा हात धरतात.

पन्नाशीत सोडून काय उपयोग, असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचे नाते १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधील रुग्णांच्या पाहणीतून दाखवून दिले. डॉल स्वतः सिगारेट ओढत. आपलेच आकडे पाहून त्यांनी ती सोडली. नंतर ब्रिटिश डॉक्टरांचा त्यांनी ५० वर्षे मागोवा घेतला आणि २००४ मध्ये सांगितले, की आयुष्यभर ओढणाऱ्यांचे सरासरी १० वर्षांचे आयुष्य घटते. पण साठीत सोडली तर त्यातली सुमारे ३ वर्षे परत मिळतात, पन्नाशीत ६, चाळिशीत ९, आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळीच. मास्टरजींना मी हे सांगितले तेव्हा ते सत्तरीला आले होते. म्हणाले, "मला वर्षांचा हिशेब नको. जिना चढताना मध्ये थांबावे लागत नाही, तेवढे पुरे."

असो. सगळ्यांचेच साधले असे मात्र नाही. दादांचा भाचा अजून ओढतो. चारदा सोडली, चारदा धरली. मध्यंतरी तो येईनासा झाला तेव्हा चौधरीसाहेब स्वतः नोएडास जाऊन त्याला घेऊन आले. "आपल्या चौपालीत कोणाचे हुक्का-पाणी बंद होत नाही," ते म्हणाले; आणि ज्या चौपालीत हुक्काच नाही तिच्याबद्दल हे ऐकून आम्ही सारे मनापासून हसलो, तोही हसला. आता चौधरीसाहेब निवृत्त होऊन गावी गेले आहेत, पहारेकरी दुसऱ्या वसाहतीत काम करतो. तरी रविवारी जमतील तेवढे जमतात आणि वीस मिनिटे चालतात.

वाचकहो, २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे २६ कोटी ७० लाख प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होती, आणि ओढणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या मनात सोडण्याचा विचार होता. म्हणजे तुमच्या घरात, शेजारी किंवा कचेरीत असा कोणीतरी असणारच, जो हा विचार मनात दडवून बसला आहे. त्याला फुप्फुसांची चित्रे दाखवू नका. ती तो पाकिटावर रोज पाहतो. 'बघू किती दिवस टिकते' असे तर मुळीच म्हणू नका. संध्याकाळी वीस मिनिटे त्याच्याबरोबर चाला. आणि तो घसरला, तर ते सांगायला त्याला एक जागा राहू द्या.

अजूनही बसथांब्यावर कोणी अनोळखी माणूस जवळ येतो आणि विचारतो, "भाईसाहब, माचिस होगी?" मी नाही म्हणून तोंड फिरवीत नाही. माचिस नाही, म्हणतो, आणि खिशातली फुटाण्यांची पुडी पुढे करतो. काही जण चमत्कारिक नजरेने पाहून निघून जातात. काही हसतात, दोन दाणे उचलतात, आणि गाडी येईपर्यंत आम्ही बोलत उभे राहतो.